"ताई, ते मिळतं का तुमच्याकडं?"

नमस्कार श्रोतेहो.

लसीकरणाच्या दिवशी आमच्या उपकेंद्रात सकाळपासून पोरांची रडारड चालू असते. बारा-साडेबाराला गर्दी ओसरते आणि मग दाराशी एखादी बाई रेंगाळलेली दिसते. बाळाची सुई झालेली, कार्डावर पुढची तारीख लिहून झालेली, तरी ती निघत नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते. शेवटी हळूच म्हणते, "ताई, ते मिळतं का तुमच्याकडं?"

आरोग्यसेविका म्हणून एवढी वर्षं काढल्यावर 'ते' म्हणजे काय, हे मला विचारावं लागत नाही. 'ते' म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून वापरायचं साधन. आज मी रेडिओवर तेच सांगायला आले आहे. मिळतं, बायांनो, आणि सरकारी केंद्रात फुकट मिळतं.

सगळ्यात जवळची जागा म्हणजे गावची आशाताई. 2011 पासून तिच्याकडं निरोध, पाळणा लांबवायच्या गोळ्या आणि तातडीची गोळी ठेवायची सोय आहे. घरपोच द्यायचे म्हणून तेव्हा निरोधच्या पाकिटाला 1 रुपया, महिन्याच्या गोळ्यांना 1 रुपया आणि तातडीच्या गोळीला 2 रुपये ठरवले होते. त्याच्या पुढं उपकेंद्र. सपाटीवर साधारण 5,000 लोकांमागं एक, डोंगरी-आदिवासी भागात 3,000 लोकांमागं एक. मग प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय. शहरात राहत असाल तर महापालिकेचा दवाखाना, नागरी आरोग्य केंद्र किंवा प्रसूतिगृह. बऱ्याच केंद्रांत निरोधची पेटी बाहेरच लावलेली असते. हात घालायचा, पाकीट घ्यायचं. नाव-गाव कुणी विचारत नाही.

गोळ्या दोन तऱ्हेच्या आहेत. माला-एन रोज घ्यायची, पाकिटात 28 गोळ्या. त्यातल्या शेवटच्या 7 लोहाच्या, रंगानं वेगळ्या. बाळ अंगावर पीत असेल तर पहिले सहा महिने ही नको. रक्तदाब असेल, तंबाखू ओढायची सवय असेल, तर तेही आधी सांगा. दुसरी छाया. हिच्यात हार्मोन नाही, दूध पाजणाऱ्या आईलाही चालते. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्याला एकच. पहिली गोळी रविवारी घेतली तर दुसरी बुधवारी. एका बाईला हे सांगितलं तेव्हा ती पटकन म्हणाली, "बुधवारी आमचा बाजार असतो, नाही विसरायची." असा घरातला काहीतरी दिवस धरा.

तांबी म्हणजे गर्भाच्या पिशवीत बसवायची कॉपर-टी. तिच्याबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण भीती फार. "वर चढते म्हणं, काळजाला लागते." मी नमुन्याची तांबी काढून बाईच्या तळहातावरच ठेवते. करंगळीहून लहान, इंग्रजी टी अक्षरासारखी पांढरी प्लास्टिकची काडी, तिला तांब्याची बारीक तार गुंडाळलेली, खाली दोन दोरे. बाई ती बोटानं उलटीपालटी करते आणि म्हणते, "एवढीच?" गर्भाची पिशवी वरून बंद असते. तिथून काळजाकडं जायला वाट नाही. क्वचित ती सरकते किंवा खाली निसटून येते, म्हणून पहिल्या पाळीनंतर एकदा दाखवायला यायचं. सुरुवातीचे काही महिने पाळीला रक्त जास्त जातं, पोटात दुखतं. एक तांबी 5 वर्षं चालते, दुसरी 10. बाळंतपण सरकारी दवाखान्यात होणार असेल तर 48 तासांच्या आत तिथंच बसवून घेता येते, पण आधीच्या तपासणीलाच तसं सांगून ठेवा. कळा चालू असताना कुणालाच काही ठरवायचं भान नसतं. आणि काढायची असेल तर मुदत संपायची वाट बघू नका. तुम्ही म्हणाल तेव्हा काढतात, त्याचेही पैसे नाहीत.

आता अंतरा. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. पहिलं डॉक्टरांनी तपासल्यावरच देतात. ते घेतल्यावर पाळी मागंपुढं होते, डाग पडतात, कुणाची पाळी थांबतेच. हे एका बाईला मी नीट सांगितलं नव्हतं. त्या दिवशी केंद्रात फार गर्दी होती. मी इंजेक्शन दिलं, कार्ड भरलं आणि पुढच्या बाईला हाक मारली. तिची पाळी थांबली. घरी सगळे म्हणाले, रक्त आत साठतंय, अंगात विष होईल. ती पुन्हा आलीच नाही. दीड वर्षानं आली ती चौथ्या खेपेची पोटुशी. म्हणाली, "ताई, तुमी काय बोलला न्हाईत, मग मी कुणाला विचारायचं?" तिचं ते वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही. म्हणून आज इतक्या जणींना एकदम सांगते: अंतरानं पाळी थांबली तर रक्त कुठंही साठत नाही. पिशवीचं आतलं अस्तर तयारच होत नाही, त्यामुळं जायला काही नसतं. इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने लागू शकतात. लगेच मूल हवं असेल तर ते आधी सांगा, दुसरं काही देऊ. आणि त्रास झाला तर घरात बसून बंद करू नका, आमच्याकडं या. एक साधन सोसलं नाही तर दुसरं आहे.

एखाद्या रात्री काही वापरलं नाही, निरोध फाटला, तर तातडीची गोळी 72 तासांच्या आत घ्यायची. जितकी लवकर, तितकी चांगली. ती दर वेळची सोय नव्हे. गरोदरपणाची तपासणीही केंद्रात होते. दिवस राहिलेच आणि नको असतील, तर गावठी औषध घेऊ नका. 1971 च्या कायद्यानं सरकारी रुग्णालयात सुरक्षित गर्भपात करता येतो आणि तुमचं नाव गुप्त राहतं.

पुरुषांनो, तुमच्याशीही दोन शब्द. बिनटाक्याच्या नसबंदीला काही मिनिटं लागतात, त्याच दिवशी घरी जाता येतं. ताकद जात नाही, मर्दानगी जात नाही. फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. आणीबाणीत जी जबरदस्ती झाली तिची धास्ती आमच्या गावात म्हातारी माणसं अजून सांगतात. ती भीती खोटी नव्हती. पण आज कुणी ओढून नेत नाही. पोट चिरून ऑपरेशन करून घ्यायला मात्र अजून बहुतेक बाईच जाते, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. 1921 साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1952 साली सरकारनं कार्यक्रम हातात घेतला. एवढा काळ लोटला, तरी ओझं तिच्याच डोक्यावर.

तांबीला किंवा इंजेक्शनला नवऱ्याची सही लागत नाही. ऑपरेशनच्या सरकारी नियमातही जोडीदाराची संमती ही अट नाही. कुठं कुणी "नवरा कुठाय?" म्हणून चारचौघांत ओरडून विचारलं तर ती त्या माणसाची चूक. तेवढ्यावरून परत फिरू नका.

शेवटी ऊसतोडीला जाणाऱ्या माझ्या बायांसाठी. दिवाळीच्या आगंमागं कोयता निघतो आणि सहा महिने फडात जातात. निघायच्या आधी उपकेंद्रात या. अंतरा घेत असाल तर निघताना इंजेक्शन घ्या आणि कार्ड सोबत ठेवा. पुढचं इंजेक्शन कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात घेता येईल. तारखेच्या दोन आठवडे आधी चालतं, चार आठवडे उशीर झाला तरी चालतं. छाया घेत असाल तर हंगामभर पुरतील एवढी पाकिटं मागून घ्या. पत्र्याच्या पेटीत, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा. खोपीत पाऊस-दव लागतं.