जुनी लंडन पोर्टर, ब्लॅक माल्टशिवाय

नमस्कार मंडळी!

‘अस्सल जुनी लंडन पोर्टर’ म्हणून कुठलीही रेसिपी उघडा, त्यात ब्लॅक माल्ट, म्हणजे मोड आणून काळी होईपर्यंत भाजलेली बार्ली, हमखास दिसतं. आता तारखा बघा. पोर्टर लंडनमध्ये आली १७२०च्या सुमारास, तिथल्या हमालांची बिअर म्हणून. आणि ब्लॅक माल्ट भाजायच्या ड्रमचं पेटंट डॅनियल व्हीलरनं घेतलं १८१७ मध्ये. मधली जवळपास शंभर वर्षं लोक काय पीत होते? तेच आज करूया.

आधी कायद्याचं. मी ब्रिटनमध्ये आहे. इथे १९६३पासून घरी पिण्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार विनापरवाना दारू बनवणं गुन्हा आहे. तिथल्या मंडळींनी आज फक्त ऐकायचं!

तर, रंग यायचा ब्राउन माल्टमधून. नाचणी सत्त्वाला मोड आणून वाळवतो ना, तसंच बार्लीचं. फक्त वाळवायची लाकडाच्या जाळावर. त्यामुळे बिअर तपकिरी व्हायची, थोडी धुरकट. पण एक मेख आहे. तेव्हाचं ब्राउन माल्ट स्वतःच्या स्टार्चची साखर स्वतः करायचं. आज दुकानात मिळतं त्यात ही साखर करणारं एन्झाइम उरलेलंच नसतं. नुसतं तेच भिजवलंत तर हाती पेजेसारखं पाणी येईल. म्हणून पेल माल्ट, म्हणजे हलकं वाळवलेलं फिकट माल्ट, हवंच.

ही काही फसवणूक नाही बरं का. हायड्रोमीटर, म्हणजे द्रवातली साखर मोजायची नळी, हाती आल्यावर लंडनवाल्यांना कळलं, की पेल माल्ट महाग असलं तरी त्यातून साखर कितीतरी जास्त निघते. मग तेही मिसळायला लागले. रंग उतरला, म्हणून काहींनी जळकी साखर घातली. १८१६ मध्ये पार्लमेंटनं माल्ट आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) सोडून बाकी सगळ्यावर बंदी आणली, आणि पुढच्याच वर्षी व्हीलरचा ड्रम आला. आपण त्याच्या आधी थांबतोय.

२० लिटरसाठी साडेतीन किलो पेल, दोन किलो ब्राउन माल्ट. ६७ अंश सेल्सिअसला तासभर मॅश, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवून ठेवायचं, आणि मग पाणी गाळून घ्यायचं. मग तासभर उकळी, आणि उकळी फुटतानाच ८० ग्रॅम ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स. कडू होईल, व्हायलाच हवी. गार करून इंग्लिश एल यीस्ट घाला, १८ ते २० अंशांवर ठेवा.

इथपर्यंत सगळे येतात. खरी पोर्टर पुढे आहे. लंडनमध्ये ती महिनोन्महिने प्रचंड लाकडी पिंपांत मुरवायचे. १८१४ साली म्यूच्या ब्रुअरीत असं एक पिंप फुटलं, त्या लोंढ्यात आठ जण गेले. मुरताना त्यात एक जंगली यीस्ट काम करायचं. १९०४ मध्ये डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीतल्या क्लाउसेननं इंग्लिश बिअरमधून ते वेगळं काढलं आणि नाव दिलं ब्रेटॅनोमायसिस, थोडक्यात ब्रेट. आज त्याची पुडी किंवा कुपी विकत मिळते.

पहिलं फसफसणं थांबलं की बिअर काचेच्या बरणीत घ्या, गळ्यापर्यंत भरा म्हणजे हवा कमी राहील, ब्रेट घाला, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारं, पण हवा आत न येऊ देणारं झाकण) लावा आणि सहा महिने हात लावू नका. वर पांढरी साय धरली तर घाबरू नका.

बाटल्या भरायची घाई मात्र अजिबात नको. ब्रेट सावकाश साखर खात राहतं, आणि बंद बाटली बॉम्बसारखी फुटू शकते. महिन्याच्या अंतरानं दोनदा हायड्रोमीटर टाका. आकडा तोच आला, तरच २० लिटरला ८० ग्रॅम साखर घालून जाड काचेच्या बाटल्या भरा.