जेंकिन्स बसवताना त्या एका ओळीत काय काय घडतं

मित्रहो, जेंकिन्स म्हणजे टीमचा कोड आपोआप बिल्ड (चालवण्याजोगा तयार) करणारं आणि तपासणारं सॉफ्टवेअर. लिनक्सच्या टर्मिनलवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल जेंकिन्स’ एवढं लिहून एंटर दाबायला काहीच वेळ लागत नाही. तरी आज मी त्या एका ओळीबद्दलच बोलणार आहे. ज्या मशीनवर तुम्ही ती चालवता, ते मशीन पुढची कित्येक वर्षं टीममधल्या प्रत्येकाचा कोड उचलणार, बिल्ड करणार, टेस्ट चालवणार. प्रॉडक्शनचे पासवर्डही बहुतेक वेळा त्याच्याकडेच जातात.

जेंकिन्सचा इतिहास थोडक्यात सांगतो. कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना २००४ साली ‘हडसन’ लिहायला घेतलं. पुढे ओरॅकलने सन विकत घेतली, नावाच्या हक्कावरून वाद झाला आणि २०११ मध्ये बहुतेक मंडळी ‘जेंकिन्स’ हे नवं नाव घेऊन बाहेर पडली.

आता पहिला प्रश्न. जेंकिन्स म्हणजे शेवटी एक वॉर फाइल, म्हणजे जावाच्या प्रोग्रॅमचं एका फाइलीत बांधलेलं गाठोडं. ती डाउनलोड करून जावाने थेट चालवता येते. मग एपीटीसारखा पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारं आणि अद्ययावत ठेवणारं साधन, कशाला? माझं उत्तर असं की, आज बसवणं दोन्ही मार्गांनी सोपंच आहे. प्रश्न उद्याच्या अपडेटचा आहे. जानेवारी २०२४ मध्ये जेंकिन्सच्या कमांड लाइनमध्ये एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. आर्ग्युमेंटच्या सुरुवातीला ‘ॲट’चं चिन्ह आणि पुढे फाइलचा पाथ दिला, की सर्व्हर त्या जागी फाइलमधला मजकूरच घालत असे. लॉगिन नसलेल्या माणसालाही सर्व्हरवरच्या फाइलच्या पहिल्या काही ओळी त्यातून वाचता येत होत्या. दुरुस्ती २.४४२ आणि एलटीएस (जास्त काळ सांभाळली जाणारी स्थिर आवृत्ती) २.४२६.३ मध्ये आली. ज्यांनी एपीटीने बसवलं होतं त्यांना ‘अपडेट’ आणि ‘अपग्रेड’ पुरेसं होतं. हाताने वॉर फाइल ठेवणाऱ्यांना आधी ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे आणि कोणाच्या लॉगिनखाली चालली आहे, हे शोधावं लागतं.

डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या स्वतःच्या रिपॉझिटरीत (पॅकेजच्या कोठारात) जेंकिन्स नाही, म्हणून जेंकिन्स प्रकल्पाची रिपॉझिटरी आपण जोडतो. तिथे दोन वाटा आहेत: दर आठवड्याची आवृत्ती आणि एलटीएस. एलटीएससाठी दर १२ आठवड्यांनी नवा पाया निवडला जातो. टीमच्या सर्व्हरवर एलटीएसच ठेवा. रिपॉझिटरीबरोबर तिची सही तपासणारी सार्वजनिक किल्लीही उतरवून घ्यायची आणि सोर्सच्या ओळीत ‘साइन्ड-बाय’ लिहून त्या रिपॉझिटरीपुरतीच बांधायची. ही किल्ली कायमची नसते. एप्रिल २०२० मध्ये ती बदलली, मार्च २०२३ मध्ये पुन्हा बदलली. अशा वेळी अपडेट सहीच्या एररवर अडतं, आणि घाईत कोणीतरी सुचवतं, ‘ट्रस्टेड इज इक्वल टू येस’ टाकून मोकळे व्हा. कृपा करून हे करू नका. सही तपासणं बंद केलंत, तर पॅकेज खरंच प्रकल्पाकडून आलं की वाटेत कोणी बदललं, हे ओळखायचं साधनच गेलं. नवी किल्ली प्रकल्पाच्या साइटवरून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

जावा मात्र आधी स्वतः बसवा. डेबियनचं पॅकेज ते सोबत आणत नाही. ऑक्टोबर २०२४ च्या एलटीएस २.४७९.१ पासून जावा ११ चालेनासं झालं, त्या आवृत्तीला किमान १७ लागत होतं. जावा नसेल किंवा जुनं असेल, तर जेंकिन्सची सर्व्हिस सुरू होत नाही. त्याचं कारण ‘जर्नलसीटीएल’मध्ये (सर्व्हिसच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडमध्ये) लिहिलेलं असतं, तिथेच आधी बघा.

ती ओळ चालते तेव्हा ‘जेंकिन्स’ नावाचा वेगळा युझर तयार होतो, व्हार-लिब-जेंकिन्स ही डिरेक्टरी त्याचं घर होते आणि सिस्टिमडीची (लिनक्सवर सर्व्हिस सुरू ठेवणाऱ्या यंत्रणेची) सर्व्हिस ८०८० पोर्टवर ऐकू लागते. पोर्ट बदलायचा असेल तर ‘सिस्टिमसीटीएल एडिट जेंकिन्स’ वापरा. पॅकेजने ठेवलेली मूळ युनिट फाइल (सर्व्हिस कशी चालवायची हे सांगणारी) बदललीत, तर पुढचं अपग्रेड तुमचे बदल पुसून टाकेल. मॅकवर होमब्रू या पॅकेज मॅनेजरने बसवलेलं जेंकिन्स फक्त त्याच मशीनपुरतं उघडं असतं. लिनक्सवर ते सगळ्या नेटवर्कवर ऐकतं. तेव्हा फायरवॉल आधी, ब्राउझर नंतर. पहिल्या प्रवेशाचा पासवर्ड त्याच घरातल्या ‘सीक्रेट्स’ डिरेक्टरीत असतो.

त्या डिरेक्टरीपाशी मला जरा थांबायचंय. तुम्ही साठवलेली सगळी क्रेडेन्शियल्स (पासवर्ड, किल्ल्या वगैरे) जिच्या जोरावर उलगडतात, ती ‘मास्टर की’ही तिथेच असते. नवं जेंकिन्स मूळ कंट्रोलरवरच, म्हणजे ते स्वतः ज्यावर बसवलंय त्या मशीनवरच, बिल्ड चालवायला तयार असतं, त्यासाठी दोन एक्झिक्युटर (एका वेळी एक बिल्ड चालवायच्या जागा) दिलेले असतात. कंट्रोलरवर चाललेलं बिल्ड जेंकिन्स युझरच्याच अधिकाराने चालतं, म्हणजे कोणाच्याही ब्रांचमधली एखादी टेस्ट स्क्रिप्ट ती किल्ली वाचू शकते. एक्झिक्युटरची संख्या शून्य करा आणि बिल्डसाठी वेगळे एजंट, म्हणजे बिल्ड चालवणारी दुसरी मशीनं, जोडा. लहान टीमनेही हे पहिल्याच दिवशी करावं, असं माझं ठाम मत आहे, कारण शंभर जॉब तयार झाल्यावर ते हलवायला कोणी धजत नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. एपीटी अपग्रेड करतं ते फक्त जेंकिन्सचा गाभा. प्लगइन (जेंकिन्सला जोडलेल्या जादा सोयी) व्हार-लिब-जेंकिन्स या घरातच राहतात, पॅकेज मॅनेजरला त्यांचा पत्ता नसतो, आणि सुरक्षेच्या सूचनांपैकी बऱ्याच प्लगइनबद्दलच असतात. म्हणून अपग्रेडच्या दिवशी प्लगइनची यादीही उघडा, न वापरलेले काढा, उरलेले अद्ययावत करा. त्याआधी बॅकअप घ्या. मास्टर की मात्र त्या बॅकअपमध्ये ठेवू नका, तिची प्रत वेगळ्या सुरक्षित जागी असू द्या.