३२ गट, ५ प्रश्न

(पडद्यावर: मोबाइलवर एकामागून एक येणारे संदेश. मागे फोनची रिंग.)

सिगारेट सोडायची आहे. वजन उतरवायचं आहे. गोळी रोज ठरल्या वेळी घ्यायची आहे. अशा कामांसाठी जे कार्यक्रम आखले जातात, त्यांत एकच एक उपाय क्वचित असतो. फोनवर समुपदेशन, मोबाइलवर आठवण करून देणारे संदेश, माहितीचे धडे, डॉक्टरांकडे जाणारा अहवाल, साथीला ओळखीचं कुणीतरी. सगळं एकत्र बांधायचं आणि लोकांच्या हाती द्यायचं.

मग चाचणी होते. निम्म्या लोकांना हे गाठोडं, निम्म्यांना नेहमीचे उपचार. कुणाच्या वाट्याला काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. सहा महिन्यांनी वजनकाट्यावर फरक दिसतो. कार्यक्रम यशस्वी!

यशस्वी, पण कशामुळे? घोडं पेंड खातं ते इथंच. ज्यांना मिळालं त्यांना सगळंच मिळालं, बाकीच्यांना त्यातलं काहीच नाही. त्यामुळे संदेशांनी काम केलं की फोनने, हे या चाचणीतून कळणं शक्यच नसतं. एका घटकाच्या पुण्याईवर बाकीचे चार तरून गेले असतील. आणि गाठोडं नापास झालं, तर त्यातला एखादा गुणी घटकही सुक्याबरोबर ओलं जळावं तसा बाद होतो.

(पडद्यावर: इंग्लंडमधल्या शेतावरचे आखलेले वाफे, जुनं कृष्णधवल छायाचित्र.)

यावरचं उत्तर दवाखान्यात नाही, शेतात सापडलं होतं. इंग्लंडमधल्या रोथामस्टेड इथल्या कृषी संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ साली रुजू झाले. निसर्गाला एका वेळी एकच प्रश्न विचारावा, असा तेव्हाचा दंडक होता. १९२६ सालच्या एका लेखात फिशर यांनी तो साफ चुकीचा ठरवला. त्यांचं म्हणणं असं, की निसर्ग नीट विचार करून काढलेल्या प्रश्नावलीलाच चांगली उत्तरं देतो. सुटा प्रश्न विचारलात, तर दुसरा विषय निघेपर्यंत तो तोंडच उघडत नाही.

मग खत, बियाणं, पेरणीची वेळ यांच्या सगळ्या जोड्या एकाच प्रयोगात लावून पाहायला सुरुवात झाली. याला म्हणतात फॅक्टोरियल प्रयोग. कारखान्यांनी तो उचलला, अभियंत्यांच्या तो अंगवळणी पडला. माणसांच्या सवयींपर्यंत पोहोचायला मात्र त्याला बराच काळ लागला. २००५ साली लिंडा कॉलिन्स, सुझन मर्फी, विजय नायर आणि व्हिक्टर स्ट्रेचर या संशोधकांनी या वाटेची आखणी एका शोधनिबंधात मांडली. पुढे ती मल्टिफेज ऑप्टिमायझेशन स्ट्रॅटेजी, थोडक्यात 'मोस्ट', या नावाने रूढ झाली. आधी तयारी, मग घटकांची निवड, आणि शेवटी नेहमीची चाचणी. निवडून बांधलेला संच पुरेसा दमदार वाटला, तरच त्या शेवटच्या चाचणीला बसवायचा.

(पडद्यावर: ३२ चौकटींचा तक्ता. निवेदनाबरोबर रंग बदलत जातात.)

आता अमेरिकेतला एक प्रयोग पाहू. नाव ऑप्ट-इन, विषय वजन कमी करणं, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या बॉनी स्प्रिंग यांच्या नेतृत्वाखाली. भाग घेणारे ५६२ जण. अ‍ॅपवर नोंदी आणि ऑनलाइन धडे सगळ्यांनाच होते. प्रश्न होते पाच. फोन १२ करायचे की २४? मोबाइलवर संदेश द्यायचे की नाही? डॉक्टरांना अहवाल पाठवायचा की नाही? जेवणाऐवजी घ्यायच्या तयार पर्यायांची शिफारस करायची की नाही? आणि साथ देणाऱ्या माणसाला ती साथ कशी द्यायची, हे शिकवायचं की नाही?

पाच प्रश्न, प्रत्येकाची दोन उत्तरं, म्हणजे ३२ जोड्या. एकाला १२ फोन, संदेश आहेत, अहवाल नाही. दुसऱ्याला सगळं तेच, फक्त फोन २४.

इथं ऐकणारा हमखास अडतो. ५६२ ला ३२ ने भागा, एका गटात सतरा-अठरा माणसं. एवढ्याशा गटावरून काय कळणार? खरंच काही कळत नाही, आणि म्हणूनच गटाची गटाशी तुलना कुणी करत नाही. तक्त्याकडे पाहा. फोनचा प्रश्न आला की १२ फोनवाल्या १६ चौकटी एका बाजूला, २४ वाल्या १६ दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडे साधारण २८१ माणसं. संदेशांचा प्रश्न आला की तीच माणसं नव्याने विभागली जातात, पुन्हा २८१ आणि २८१. एकच माणूस पाचही उत्तरांत मोजला जातो. हेच पाच स्वतंत्र प्रयोगांत, इतक्याच खात्रीने करायचं, तर २,८१० माणसं लागली असती.

अर्थात फुकट काहीच नाही. कुणाला नेमकं काय मिळतंय याचं भान कर्मचाऱ्यांना महिनोन्‌महिने ठेवावं लागतं. घोटाळा झाला की तक्त्याला अर्थ उरत नाही.

मला यातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट वाटते ती पैशांची. या संशोधकांनी मर्यादा आधीच जाहीर केली: माणशी ५०० डॉलरच्या आत जास्तीत जास्त वजन उतरवणारा संच हवा. निवड झाली तेव्हा त्यात साथीदाराचं प्रशिक्षण होतं आणि फोन होते १२. दुप्पट फोनांचा खर्च वाचला.

दुसरा फायदा म्हणजे घटकांचं आपसांतलं नातं दिसतं. दोन चांगले उपाय एकत्र आले की एकमेकांचे पाय ओढू शकतात. माणूस शेवटी वैतागतोच. रोज इतकं सगळं कोण करणार?

(पडद्यावर: मनगटावरचा पट्टा, चालणारी पावलं, वेळेचा आकडा.)

कधीकधी प्रश्न 'काय द्यायचं' यापेक्षा 'केव्हा द्यायचं' हा असतो. हार्टस्टेप्स या सहा आठवड्यांच्या प्रयोगात फोन दिवसातून पाच वेळा जणू नाणं उडवायचा: चालण्याचा सल्ला द्यायचा, बसल्या जागेवरून उठायला सांगायचं, की गप्प बसायचं? गाडी चालवणाऱ्याला अर्थातच सल्ला जात नसे. पुढच्या अर्ध्या तासात पावलं किती पडली, ते पट्ट्यावर मोजलं जाई. विश्लेषण झालं ३७ जणांचं. चालण्याच्या सल्ल्यानंतर पावलं सरासरी २४ टक्क्यांनी वाढली. 'उठा' म्हणण्याचा म्हणावा असा परिणाम दिसला नाही. आणि सल्ल्यांचा सुरुवातीचा जोर सहाव्या आठवड्यापर्यंत ओसरला.

पुढच्या आवृत्तीत संदेश पाठवायचा की नाही, हे अल्गोरिदमकडे सोपवलं गेलं. तो त्या त्या व्यक्तीच्या प्रतिसादावरून शिकतो, आणि गेल्या काही दिवसांत तिच्यावर किती संदेशांचा मारा झाला, तेही हिशेबात धरतो.