आधी झोप

(पहाट. पत्र्याच्या शेडवर धुकं. भांड्यांचा आवाज, भुंकणं.)

भाताच्या पातेल्याचं झाकण वाजलं की अख्खी शेड एका दमात जागी होते. पुणे जिल्ह्यातलं हे निवारा केंद्र. कुणी गाडीखाली आलेलं, कुणाच्या जखमेत अळ्या पडलेल्या, कुणाला मालकानंच गेटवर बांधून ठेवलेलं. या सगळ्या कल्लोळात शेवटच्या पिंजऱ्यातून एक बारीक आवाज येत राहतो.

टक्. टक्. टक्.

(जवळून: पंजा, स्टीलचं भांडं.)

ही चिंगी. पुढचा डावा पंजा उडतो आणि नख भांड्याच्या काठावर आपटतं. झोपेतही उडतो. चिंगीला डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांना होणारा एक विषाणूजन्य आजार, झाला होता. ताप उतरला, नाकातला पू थांबला, घरी सोडायची वेळ आली असं वाटलं, तेवढ्यात विषाणू मेंदूत पोचला. या विषाणूला मारणारं औषध नाही. लस आहे, पण ती आधी टोचलेली असावी लागते. आता तिचा जबडा काहीतरी चघळत असल्यासारखा हलतो, फेस येतो आणि मग सगळं अंग ताठ होतं. फिट्सच्या गोळ्या झाल्या, डोस वाढवून झाला. काल रात्रभर केंद्रातल्या मावशी तिच्यापाशी बसून होत्या.

(नोंदवहीचं पान.)

पिसाळल्याचा संशय असता तर नियमानं तिला एकटं ठेवून नैसर्गिक मरणाची वाट पाहावी लागली असती. चिंगीचा आजार आठवड्यांचा आहे, तपासून झालेला आहे. भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम दयामरणाची अगदी मोजकी वाट मोकळी ठेवतात. आजार बरा न होणारा हवा किंवा जखम प्राणघातक हवी. तसं नेमलेल्या पथकानं ठरवायचं, इंजेक्शन पात्र पशुवैद्यकानंच द्यायचं. म्हातारं झालं, आंधळं झालं, तीन पायांवर चालतं, जागा पुरत नाही, यातलं एकही कारण चालत नाही. समोर उन्हात पळतोय तो तीन पायांचाच आहे.

(जुनी छायाचित्रं: भुलेश्वर, गिरगाव.)

या वाटेपर्यंत यायला मुंबईला फार वर्षं लागली. 1832 मध्ये सरकारनं भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला, मारणाऱ्याला इनाम लावलं, आणि पारशी समाज रस्त्यावर उतरला. दुकानं बंद झाली, दंगल झाली. दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, भुलेश्वरला पांजरपोळ उभा राहिला. पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभाई त्याच्या संस्थापकांपैकी एक. तिथलं तत्त्व एकच: जीव घ्यायचा नाही. दुसऱ्या बाजूला महापालिका होती. ती कुत्री पकडायची आणि विजेच्या धक्क्यानं मारायची. हे 1994 पर्यंत चाललं. म्हणजे एकाच शहरात एकीकडे धक्का आणि दुसरीकडे कितीही हाल झाले तरी वाट पाहणं. मधली जागा रिकामीच होती.

(साबरमती आश्रमाचं छायाचित्र.)

त्या मधल्या जागेत 1928 साली गांधीजी उभे राहिले. आश्रमातलं एक वासरू. कूस बदलून द्यायला हात लावला तरी वेदना. पशुवैद्यकांनी हात टेकले होते. आश्रमात चर्चा झाली, विरोधही झाला. शेवटी गांधीजींच्या समोर डॉक्टरांनी त्याला सुई दिली. पुढे कितीतरी दिवस संतापाची पत्रं येत राहिली. त्यांनी घडलेली गोष्ट लपवली नाही, स्वतःच आपल्या ‘नवजीवन’ साप्ताहिकात लिहून काढली.

(आतली खोली. पडदा ओढला जातो.)

आपल्याकडे या कामाला एक शब्द आहे: झोपवलं. ‘मारलं’ म्हणवत नाही म्हणून आपण तो वापरतो. पण तो शब्द खरा ठरवायचा तर आधी खरोखर झोप यावी लागते, आणि या खोलीतली सगळी मेहनत त्या झोपेसाठी आहे.

खोली शेडपासून दूर आहे. एका कुत्र्यासमोर दुसऱ्याला झोपवायचं नाही, हे कायद्यातलं एक वाक्य. ते पाळायला इथे वेगळी भिंत घालावी लागली. फरशी आधीच धुतलेली, म्हणजे मागच्या कुणाचा वास नको.

“मावशी, हिला उचलू नका. गोधडीसकट घ्या.”

वजन होतं, त्यावरून औषध ठरतं. पहिली सुई मांडीच्या स्नायूत, फक्त भुलीची. मग डॉक्टर काहीच करत नाहीत. घड्याळाकडे बघत बसतात. अनेक ठिकाणी घाईत नेमकी हीच मिनिटं कापली जातात, म्हणून आम्ही ती न कापता दाखवतोय.

(सलग दृश्य. निवेदन नाही.)

मान खाली आली. जबडा थांबला. पंजा अजून उडतोय, हा आजारच तसा आहे. डॉक्टर पापणीच्या कडेला बोट लावून बघतात, बोटांच्या मधली कातडी चिमटतात. पाय मागे घेतला नाही, म्हणजे आता शीर शोधायची.

पुढच्या पायावरचे केस काढले. पट्टा आवळला, सुई शिरेत गेली. थोडं सलाईन सोडून ती शिरेतच आहे ना, याची खात्री केली. मग पेंटोबार्बिटल. हे औषध आधी मेंदूला गाढ झोपवतं, मग श्वास थांबतो, मग हृदय. क्रम असाच लागतो.

ते अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. परवाना, कुलूप, थेंबाथेंबाचा हिशोब. मग काही जण मॅग्नेशियम सल्फेटकडे वळतात, कारण ते कुठेही मिळतं. ते टोचलं की कुत्रा पडतो, हलत नाही, बघणाऱ्याला शांत वाटतो. पण त्यानं भूल येत नाही. शुद्धीतल्या जनावराला ते दिलं तर श्वासाचे स्नायू बंद पडतात आणि त्याला सगळं कळत असतं. ओरडता मात्र येत नाही. हे थांबायलाच हवं.

(जवळून: पंजा.)

टक्.

टक्.

(शांतता.)

स्टेथोस्कोप पाच मिनिटं छातीवरून हलत नाही. एखादा उशिराचा श्वास येऊ शकतो, तो शरीराचा असतो, तिचा नाही. बुबुळाला हलकेच स्पर्श: पापणी मिटत नाही. डोळे उघडेच राहतात. मावशी त्यावर पदर धरतात.

औषध अंगात राहतं. कावळ्यानं, घारीनं, गिधाडानं ते मांस खाल्लं तर तेही दगावतात, म्हणून दहन किंवा खोल खड्डा. चिंगीसाठी खड्डा मागच्या बांधाला काढलाय.

(नोंदवही. हात लिहितोय.)

मादी, तांबूस, वजन अकरा किलो. कारण: डिस्टेंपर, सतत झटके, उपचारांना दाद नाही. भूल: आठ चाळीस. मृत्यूची खात्री: नऊ बारा. खाली सह्या.

(मोरी. मावशी स्टीलचं भांडं घासतायत. शेडमधून भुंकणं.)