रेडीचा खुराक

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या कोल्हापुरात पैलवान कधी एकट्या घरचा नसायचा. पोरगं तालमीत उतरलं की पेठेतला कुणी दुधाचा रतीब लावायचा, कुणी बदाम द्यायचा, कुणी तूप. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं, १९१२ साली ते पुरं झालं. त्या मैदानात उतरणाऱ्या पोराच्या पाठीशी अख्खी पेठ असायची. आणि हा खुराक कुस्तीच्या दिवशी देऊन भागत नाही, तो आधी कैक वर्षं रोज द्यावा लागतो.

मला हेच गोठ्याबद्दल म्हणायचंय: जनावर वाढवणाऱ्या पोराच्या पाठीशीही आपण दुकानदार-कारखानदारांनी असंच रोज उभं राहावं. माझं पशुखाद्याचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी एका गावात वासरांचा मेळावा भरला. शाळा-कॉलेजच्या मुलांनी स्वतः सांभाळलेली जनावरं आणायची होती. ढाली मी दिल्या. मांडवाच्या दारात माझ्या दुकानाचा फलक लागला, सत्काराचा फेटाही बांधून घेतला. पहिला नंबर आला अकरावीतल्या एका मुलाच्या रेडीचा, म्हणजे अजून न व्यालेल्या तरण्या म्हशीचा. काळीभोर, तेल लावल्यागत चकाकणारी. चार महिन्यांनी तो मुलगा दुकानात आला आणि म्हणाला, "काका, रेडी विकली. दुभत्या म्हशीलाच पेंड पुरंना, हिला कुठनं घालायची?" ढाल तेवढी घरात राहिली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या घराला दोष कसा द्यायचा? दूध संस्थेचं बिल दहा दिवसांनी येतं, ते दुभत्या जनावराचं. रेडीच्या नावानं दोन-तीन वर्षं दमडी येत नाही. मग पेंड कमी पडली की पहिली तिचीच तुटते. आबाळ झालेली रेडी पहिल्यांदा व्यायला चार-पाच वर्षं घेते, नीट जोपासली तर साडेतीन वर्षांत चरवीत दूध देते. उलट हरियाणातून मुऱ्हा म्हैस आणायची तर लाखाच्या वर मोडतात. १९६३ पासून गोकुळनं, आपल्या जिल्ह्याच्या दूध संघानं, गावोगावच्या दुधाला खात्रीचं गिऱ्हाईक दिलं. पण उद्याची म्हैस आपल्याच गोठ्यात वाढवायची, तर ती वाढवणारं पोर आधी टिकलं पाहिजे.

खर्च किती? वर्षभर सरासरी रोज किलोभर खाद्य धरा. पन्नास किलोची सात-आठ पोती झाली. त्यात जंताचं औषध, खनिज मिश्रण आणि लसी. एका दुकानाला हे जड नाही. आणि सुरुवातीची सगळ्यात मोलाची गोष्ट तर फुकटच असते. वासरू जन्मलं की पहिल्या तासा-दोन तासांत चीक, म्हणजे आईचं पहिलं घट्ट दूध, पोटात गेला पाहिजे, दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. चिकातली रोगाशी लढणारी ताकद आतड्यातून रक्तात जायची वाट एका दिवसात बंद होते. आईची वार (जार) पडेपर्यंत चीक पाजू नये, असं अजून काही घरांत म्हणतात. त्यापायी किती वासरं गेली असतील! हे समजावून सांगायला कृषी महाविद्यालयाची मुलं-मुली कृषिदूत, कृषिकन्या म्हणून गावात राहायला येतात, त्यांना हाताशी धरा.

मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कायद्यानं नफ्याच्या दोन टक्के समाजकामाला लावावे लागतात. तुम्हा-आम्हाला तसली सक्ती नाही, आणि शाहूपुरीतल्या गुळाच्या व्यापाऱ्याला ती लागूही नये. त्यानं एका रेडीचं वर्ष उचलावं. उद्यमनगरातल्या कारखानदारानं गावातल्या पोरांची कडबाकुट्टी, म्हणजे चारा कापायचं यंत्र, दुरुस्त करून द्यावी, आणि ती दुरुस्त करताना पोराला शेजारी उभं करावं. पेढे-बासुंदी विकणाऱ्यानं औषधाचं बिल भरावं. आणि पोरानं बदल्यात एक वही ठेवावी. खाद्य किती, आजार कोणता, वाढ किती. तेवढं वहीत दिसलं की पुढचं पोतं द्यायचं.

मी दीड वर्षापासून एका मुलीच्या रेडीचा खुराक उचललाय. वजनकाटा नाही म्हणून ती टेपनं मापं घेते: छातीचा घेर इंचांत, त्याचा वर्ग, गुणिले लांबी, भागिले ३००. उत्तर येतं पौंडांत. गेल्या रविवारी घेर ५२ भरला, लांबी ४५. म्हणजे ४०६ पौंड, किलोत धरलं तर १८४ च्या आसपास. वहीचं पान माझ्यापुढं ठेवून ती म्हणाली, "काका, दिवाळी पाडव्याच्या म्हशींच्या मिरवणुकीला शिंगं रंगवून हिला घाटावर आणणार. तेवढ्यात अजून दोन पोती लागतील."

पोती तिच्या गावच्या गाडीत चढवून दिलीत.