बावटा कुणासाठी चढवायचा?

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘गजबजलेली नदी, जहाजं आणि हवामान’. यशवंतराव महाराज पटांगणावर जहाजांचं व्याख्यान कशाला, असा प्रश्न पडला असेल. पण आपल्या पाठीमागून वाहणारी ही गोदा ब्रह्मगिरीवरून निघते आणि १,४६५ किलोमीटर जाऊन समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी, काकीनाड्याजवळ, कोरिंगा नावाचं गजबजलेलं बंदर होतं. १७८९ मध्ये आणि पुन्हा १८३९ मध्ये वादळाबरोबर समुद्र आत शिरला आणि ते बंदर गेलं ते गेलंच. तेव्हा गोदेला जहाजंही ठाऊक आहेत आणि वादळंही. आपण नाशिककर तिचं फक्त पहिलं पान वाचतो.

तरी आज मी तुम्हाला कोलकात्याच्या हुगळी नदीवर नेणार आहे, कारण तरुणपणी जहाजावर अधिकारी असताना तिनेच मला हवामान शिकवलं.

कोलकात्याची गोदी समुद्रापासून दोनशे किलोमीटरहून आत. सँडहेड्सला, म्हणजे नदीच्या मुखाबाहेर समुद्रात, पायलट (नदीतला वाटाड्या) जहाजावर चढतो तेव्हा जमीन दिसतही नसते, नुसतं मातकट पाणी. तिथून कप्तान त्याच्या सांगण्यावर चालतो. कारण हुगळीचा तळ आज असतो तसा उद्या नसतो. वाळूचे बार, म्हणजे पाण्याखालचे उंचवटे, सरकतात. कुठल्या बारवर किती पाणी आहे ते सतत मोजून कळवावं लागतं, आणि भरतीची वेळ साधली तरच जहाज पार होतं. दामोदर आणि रूपनारायण हुगळीला मिळतात तिथला बार ‘जेम्स अँड मेरी’. १६९४ मध्ये त्या नावाचं जहाज तिथे रुतून बुडालं. तीनशे वर्षं झाली, पायलट अजून त्या जागेचं नाव घेताना आवाज उतरवतो.

आमचा पायलट वयस्कर बंगाली गृहस्थ होता. चहा घेता घेता कप खाली ठेवला आणि वायव्येकडे बघत राहिला. बैशाखातली दुपार, ऊन रणरणतंय, मला तर काहीच दिसेना. तो म्हणाला, “नांगर तयार ठेवा.” क्षितिजावर एक काळी रेघ होती, बस. थोड्याच वेळात ती डोक्यावर आली. काळबैशाखी! आपला वळीव शंभर पटींनी मोठा करा आणि त्याला झाड-डोंगराचा अडसर ठेवू नका. पाऊस असा की आमच्याच जहाजाचं नाळेकडचं, म्हणजे पुढचं, टोक दिसेना. अरुंद वाट, वळायला जागा नाही, दोन्ही बाजूंना वाळू. त्याने नांगर टाकला, इंजिन हळू चालू ठेवून तोंड वाऱ्याकडे धरलं, आणि शांतपणे उभा राहिला.

पण मला सांगायचंय ते पुढचं. आभाळ निवळल्यावर मी नदीकडे बघितलं. आधी पन्नासेक होड्या होत्या, आता पात्रात एकही नाही. मला वाटलं, बुडाल्या सगळ्या. पायलटने काठाकडे बोट दाखवलं. एकूण एक होडी खाडीत शिरून बसली होती, आम्ही नांगर टाकायच्या आधीच. त्यांच्याकडे ना रेडिओ, ना वायुभारमापक. एकाने दुसऱ्याला हाळी दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला. ‘बान’ येतो तेव्हाही हेच. उधाणाच्या भरतीला पाण्याची भिंतच नदीतून वर चढते. हाळी येते, आणि घाटावरच्या होड्या भराभर मध्यावर नेतात, कारण बान फुटतो तो काठाला.

(आयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. बरं, मग मुद्द्याचं भरभर सांगतो, खरं तर त्याच्यासाठीच मला बोलावलंय.)

५ ऑक्टोबर १८६४. चक्रीवादळ हुगळीत शिरलं, बंदरातली जहाजं साखळ्या तोडून एकमेकांवर आदळली, सुमारे ६०,००० माणसं गेली. पुढच्याच वर्षी कोलकाता बंदरासाठी वादळाचा इशारा देण्याची व्यवस्था सुरू झाली, देशातली पहिली. १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला, तोही कोलकात्यात. निफाडचा द्राक्षबागायतदार आज मोबाइलवर गारपिटीचा अंदाज बघतो, त्याची सुरुवात एका गजबजलेल्या नदीवरच्या जहाजांपासून झाली आहे.

आणि त्या व्यवस्थेचं मला सगळ्यात आवडतं ते बंदरावरचा बावटा, म्हणजे खांबावर चढवलेली वादळाच्या इशाऱ्याची खूण. कोकणात तीन नंबरचा बावटा लागला म्हटलं की शाळेत न गेलेला तांडेलही, म्हणजे होडीचा म्होरक्याही, होडी ओढून घेतो. एकूण अकरा नंबर. दिवसा शंकू आणि नळकांडी, रात्री दिवे. अकरावा म्हणजे: इशारा केंद्राशी संपर्क तुटलाय आणि हवा बिघडण्याचा धोका वाटतो. माहिती आली नाही, हीसुद्धा लोकांना द्यायची बातमी आहे! ज्याने हे ठरवलं त्याला मी मनापासून नमस्कार करतो.

आता आपल्याकडे या. इथून चार पावलांवर नदीपात्रात दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी, सगळं नाशिक त्यावरून पूर मोजतं. उत्तम मोजपट्टी, पण ती आलेलं पाणी सांगते, येणारं नाही. गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी इथे पोचायला वेळ लागतो, आणि तो वेळ आपण फुकट घालवतो. २०१९ च्या ऑगस्टात माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराला विसर्गाचा निरोप मोबाइलवर मिळाला तेव्हा त्याच्या दुकानात पाणी होतं. माल गेला, आणि क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं त्याचा, आकडा पडद्यावर चमकत होता. अमुक हजार क्युसेक म्हणजे त्याच्या कितव्या पायरीपर्यंत, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मला याचा राग येतो, आजही येतो.

म्हणून मागणी साधी आहे. रामकुंडाजवळ एक खांब उभा करा. धरणातून विसर्ग वाढला की बावटा, रात्री दिवा. एक नंबर म्हणजे टपऱ्या हलवा, दोन म्हणजे सराफ बाजाराने माल वर घ्यावा, तीन म्हणजे घाट रिकामा. तसाच खांब सायखेड्याला आणि चांदोरीला, कारण आपल्याकडचं पाणी तिथे जातं. आणि धरणाशी संपर्क तुटला तर त्याचाही वेगळा बावटा हवा. नंबर कोणत्या विसर्गाला लावायचे हे पाटबंधारेवाल्यांनी आणि घाटावरच्या जुन्या लोकांनी एकत्र बसून ठरवावं, एकट्याने नाही. जूनला महिनासुद्धा उरलेला नाही. निवेदन मी लिहून आणलंय, बाहेरच्या टेबलावर ठेवलंय. सह्या करूनच घरी जा.