मागचा बाक

(चर्चच्या आतून. कम्युनियनची रांग वेदीकडे सरकते आहे. कॅमेरा मागच्या बाकावर येऊन थांबतो.)

कम्युनियनची, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर घ्यायची, वेळ झाली की बाकं एकेक करून रिकामी होतात. आणि दर रविवारी कुणीतरी, कॅथलिक चर्चच्या नियमामुळे किंवा मनातल्या धास्तीमुळे, बाकावरच बसून राहतं. घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलेली बाई. बायकोबरोबर आलेला, बाप्तिस्मा न घेतलेला नवरा. जिचं प्रेम एका मुलीवर आहे आणि जिनं ते अजून कुणाला सांगितलेलं नाही, अशी एखादी मुलगी. रांगेत जाणाऱ्यांना वाट द्यायला ही माणसं गुडघे आवळून घेतात आणि खाली बघत राहतात.

आमच्या घरात ते माणूस म्हणजे दुसरं लग्न केलेली माझी ताई. तिच्या लेकाचं पहिलं कम्युनियन होतं. पांढरा सदरा घालून तो वेदीपाशी उभा, आणि आई मागे बाकावर. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर एक शब्दही कुणी तिच्याशी बोललं नाही. त्या दिवसापासून आम्ही तिच्यासाठी, मुलांसाठी, खरं तर सगळ्यांसाठीच, दुसरं चर्च शोधायला लागलो.

(रस्ता. वेगवेगळ्या चर्चची दारं.)

पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चची हद्द. आपण जिथं राहतो, तिथली पॅरिश आपली. पण चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेतच लिहिलंय की रविवारची मिस्सा कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये केली तरी चालते. बाप्तिस्मा आणि लग्नासाठी मात्र आपल्या पॅरिशच्या फादरांना विचारावं लागतं. आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या चर्चमध्ये गेलो म्हणजे आपण फितूर झालो, असंच आम्ही कितीतरी दिवस धरून चाललो होतो.

मग बघायचं काय? कॉयरमध्ये गिटार वाजली म्हणजे चर्च मोकळं झालं, असं नाही. एका सुंदर प्रवचनावरही जाऊ नका. फादरांची बदली होते, लोक तिथंच राहतात. म्हणून लोकांकडे बघा. वेदीवर मुली सेवा करतात का? त्याची परवानगी द्यायची की नाही, हे रोमनं, म्हणजे व्हॅटिकननं, १९९४ सालीच त्या त्या भागातल्या बिशपांवर सोपवलं. वाचक आणि वेदीसेवक म्हणून स्त्रियांची रीतसर नेमणूक करायची वाट तर पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१ मध्ये मोकळी केली. पॅरिश कौन्सिलमध्ये, म्हणजे फादरांना सल्ला देणाऱ्या मंडळात, कोण बसतं, हेही विचारा. बाळ रडायला लागलं की किती माना वळतात, तेही बघा.

आणि एक फोन करा. "आमच्या बाळाला बाप्तिस्मा द्यायचाय, पण आमचं लग्न चर्चमध्ये झालेलं नाही," एवढंच सांगा. पलीकडून आधी काय विचारलं जातं, ते नीट ऐका. एका ठिकाणी आम्हाला पहिला प्रश्न आला, "कागदपत्रं आहेत का?" दुसऱ्या ठिकाणी विचारलं, "बाळाचं नाव काय ठेवलंय?" कागद दोन्हीकडे लागतातच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आम्ही दुसरीकडे गेलो.

(फादरांच्या खोलीचं दार. टेबल, दोन खुर्च्या.)

एक गोष्ट मनाशी पक्की असू द्या. कितीही उदार पॅरिश असली, तरी तिथले फादर चर्चची शिकवण बदलू शकत नाहीत. स्त्रीला धर्मगुरू करता येणार नाही. दोन पुरुषांचं किंवा दोन स्त्रियांचं लग्न लावता येणार नाही. अशा जोडप्यांना लग्नविधीसारखा न दिसणारा साधा आशीर्वाद देता येईल, असं रोमनं डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं, तर आफ्रिकेतल्या बहुतेक बिशपांनी त्याला नकार दिला. एकाच चर्चमध्ये इतकी ओढाताण आहे. मला ती दुखते, आणि ती झाकून ठेवावी असं वाटत नाही.

पण जे करता येतं, तेही थोडं नाही. कुटुंबाविषयीच्या २०१६ च्या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी ताईसारख्या माणसांना जवळ घेऊन, प्रत्येकाची गोष्ट वेगळी समजून घ्यायला सांगितलं. काही प्रसंगी कम्युनियनसारख्या संस्कारांचाही आधार मिळू शकतो, हे वाक्य त्यांनी एका तळटीपेत लिहिलं. त्या तळटीपेवरून जगभर वर्षानुवर्षं वाद झाले. त्याआधी, २०१५ साली, चर्चच्या न्यायालयात पहिलं लग्न रद्दबातल ठरवण्याची प्रक्रियाही त्यांनी सोपी केली होती. दुसऱ्या न्यायालयानं निकालावर शिक्कामोर्तब करायची अट त्यांनी काढून टाकली.

हे सगळं ताईला कुणी सांगितलं? नव्या पॅरिशच्या फादरांनी. समोर खुर्ची ओढून, दीड तास. त्यातला पहिला तास ते फक्त ऐकत होते.

(पुन्हा मिस्सा. कम्युनियनची रांग.)

फादरांशी तिचं बोलणं अजून चालू आहे. निर्णय व्हायचाय. तोवर ताई बाकावरच बसते. शेजारी एक आजी असतात, त्यांचं पूर्ण नाव अजून आम्हाला माहीत नाही. रांगेत जायला उठल्या की आजी हातातली जपमाळ ताईच्या हातात ठेवतात. परत आल्या की घेतात.